रीबूटनंतर उठत नसलेलं नागिओस : सावद्याच्या केळी केंद्रातल्या नोंदी

७ मे २०२४, मंगळवार, पहाटे ३.४०

पावणेतीनला आप्पांचा फोन आला. रात्रपाळीला तेच असतात, मूळचे अमळनेरकडचे. "ताई, तुमना कम्प्युटर हिरवं दखाडी ऱ्हायना, पन चार नंबरनी खोली तं तपी ऱ्हायनी!"

लॅपटॉप उघडून भुसावळहूनच आत शिरले. नागिओस म्हणजे खोल्यांच्या तापमानावर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर. त्याच्या पानावर सहाही रायपनिंग चेंबर (केळी पिकवायच्या खोल्या) हिरवे, म्हणजे ठीक. चार नंबरसमोर १६.९ अंश. आप्पा मात्र दारावरच्या डिस्प्लेसमोर उभे राहून १९.८ वाचून दाखवत होते. पानाच्या वरच्या कोपऱ्यातली "लास्ट अपडेटेड"ची वेळ अगदी ताजी होती, दीड मिनिटाने पुढे सरकत होती. ती पान ताजं झाल्याची वेळ असते, तपासणीची नव्हे. तपासणीची वेळ खाली प्रत्येक ओळीत "लास्ट चेक" या रकान्यात असते आणि तिथे सगळीकडे रात्रीचे १.०९ किंवा १.०८. म्हणजे दीड तासापूर्वीचं तापमान हिरव्या रंगात समोर मांडलेलं होतं.

झालं ते असं. १.१० ला वीज गेली. जनरेटर चार मिनिटांत सुरू झाला, पण सर्व्हरच्या यूपीएसची बॅटरी तेवढीही टिकली नाही. सर्व्हर पडला आणि जनरेटरवर परत उठला. नागिओस उठलं नाही. त्याच वेळी चार नंबरच्या कॉम्प्रेसरचा कॉन्टॅक्टर (त्याला वीज जोडणारा स्विच) परत बसला नाही, त्यामुळे त्या खोलीत गार हवा बंद. नागिओस नीट बंद झालं असतं तर जाताना आपली स्टेटस फाइल पुसून गेलं असतं. वीज तुटून मेल्यामुळे ती फाइल डिस्कवर तशीच राहिली आणि वेबपान तीच वाचत बसलं.

आप्पांनी कॉन्टॅक्टर हाताने बसवला, पंखे सुरू झाले. मी नागिओसच्या सर्व्हिसचं (मागे सतत चालणाऱ्या प्रोग्रॅमचं) स्टेटस पाहिलं तर "फेल्ड". लॉगमधली ओळ: "फेल्ड टू ऑब्टेन लॉक ऑन फाइल /व्हार/रन/नागिओस/नागिओस.लॉक : नो सच फाइल ऑर डिरेक्टरी". लॉक फाइल (नागिओस चालू असल्याची खूण) जिथे ठेवायची तो फोल्डरच नव्हता. हाताने तयार केला, मालकी नागिओस युजरला दिली, सर्व्हिस सुरू केली. ३.२५ ला सगळे आकडे खरे दिसू लागले. चार नंबर १९.१ आणि उतरतोय.

फोल्डर कुठे गेला हे अजून कळलेलं नाही. त्यामुळे आत्ता केलंय त्याला दुरुस्ती म्हणत नाही.

७ मे, दुपारी १.१५, सावदा

सकाळी केंद्रावर आले. चार नंबरमधला माल इथिलीन (केळी पिकवणारा वायू) देऊन तिसऱ्या दिवसावर होता. हा काळ सगळ्यात नाजूक. इथिलीन मिळालं की केळ्याचा श्वास वाढतो आणि माल स्वतःच उष्णता सोडायला लागतो, गार हवा थांबली की खोली बाहेरच्या उन्हाची वाट पाहत नाही. १६ ते १८ अंशांत पिकवायचं. १३ च्या खाली गेलं तर साल धुरकट पडते. २४ च्या वर गेलं तर आपल्या ग्रँड नैन जातीच्या केळ्याची साल हिरवटच राहते आणि आत गर मऊ होतो. काल वीसच्या आत आटोपलं. मॅनेजरकाकांनी चार-पाच क्रेटमधल्या फण्या काढून, बोटाने दाबून, एक केळं चिरून दाखवलं. गर घट्ट होता. माल वाचला तो आप्पांमुळे. ते दर दोन तासांनी सहाही दारांवरचे आकडे वहीत लिहितात, कुणी सांगितलेलं नसताना.

आता कारण. हे केंद्र आधी सेंटओएस ६ या जुन्या लिनक्सवर होतं. त्या काळी "/व्हार/रन" हा डिस्कवरचा साधा फोल्डर असे, त्यात एकदा काही बनवलं की ते राहायचं. मागच्या नवरात्रात, १७ ऑक्टोबरला, नवीन मशीनवर अल्मालिनक्स ९ हे नवं लिनक्स टाकलं आणि नागिओसची जुनी कॉन्फिग (सेटिंगची) फाइल तशीच उचलून आणली. नव्या पद्धतीत "/व्हार/रन" म्हणजे नुसता बाण आहे, तो "/रन"कडे जातो, आणि "/रन" मेमरीत राहतं. मशीन बंद झालं की त्यातलं सगळं जातं. कमांडची हिस्टरी पाहिली. १७ ऑक्टोबरला फोल्डर बनवायची आणि मालकी बदलायची कमांड मीच दिलेली आहे. त्या दिवसापासून काल रात्रीपर्यंत २०३ दिवस मशीन एकदाही बंद झालं नव्हतं, त्यामुळे चूक तितके दिवस झाकून राहिली.

जुनं लॉग चाळताना आणखी एक गोष्ट दिसली. सिस्टिमडीचं (लिनक्समध्ये बाकीच्या सर्व्हिस सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमचं) जर्नल, म्हणजे नोंदवहीसुद्धा इथे "/रन"मध्येच साठत होतं, म्हणजे वीज जायच्या आधीचं जर्नल गेलं. "/व्हार/लॉग/जर्नल" फोल्डर बनवून ते आता डिस्कवर वळवलंय. "मेसेजेस" नावाची लॉग फाइल मात्र डिस्कवर आहे, तीच वाचली. तिच्यात रात्रीच्या नोंदींमध्ये ३१ ऑक्टोबरच्या काही ओळी घुसल्यात. इन्स्टॉलेशनच्या वेळचं काहीतरी असावं. नंतर बघते.

८ मे, बुधवार

मॅनेजरकाकांकडून दुपारी १२ ते २ ची वेळ मागून घेतली. त्या वेळेत लोडिंग नसतं आणि आप्पांच्या जागी दिवसपाळीचा मुलगा वही घेऊन चेंबरसमोर बसला होता. मॉनिटरिंग बंद असेल तितका वेळ माणूस समोर हवा, ही माझी अट.

पहिला प्रयत्न: सर्व्हिस फाइलवर छोटी ओव्हरराइड (मूळ फाइल न बदलता घातलेली भर) लिहून "रनटाइमडिरेक्टरी" ही ओळ टाकली. मला ही पद्धत आवडते, कारण सर्व्हिस सुरू होताना फोल्डर आपोआप बनतो आणि सर्व्हिसची गोष्ट सर्व्हिसजवळच राहते. रीबूट केलं. परत "फेल्ड". पण ओळ बदलली होती. आधी "नो सच फाइल" होतं, आता "परमिशन डिनाइड". म्हणजे फोल्डर आहे, पण दुसऱ्याच्या नावावर. आपलं नागिओस सोर्सवरून कंपाइल केलेलं आहे आणि त्याच्या सर्व्हिस फाइलमध्ये युजर लिहिलेलाच नसतो. ते रूट (सगळे हक्क असलेला युजर) म्हणून सुरू होतं आणि मग स्वतःच्या कॉन्फिगमध्ये वाचून नागिओस युजर बनतं. सिस्टिमडीला हे ठाऊक नाही, त्यामुळे त्याने फोल्डर रूटच्या नावाने बनवला. लॉक फाइल लिहायची वेळ येते तेव्हा नागिओसने रूटचे हक्क सोडलेले असतात.

सर्व्हिस फाइलमध्ये युजर लिहूनही हे भागलं असतं, पण मग सुरुवातीची सगळी कामंही त्याच युजरने करायला हवीत, आणि चालत्या केंद्रावर तो बदल मला नको होता. ओव्हरराइड काढली. "टीएमपीफाइल्स.डी"मध्ये एक ओळ लिहिली: बूट होताना "/रन/नागिओस" फोल्डर बनव, हक्क ०७५५, मालक नागिओस, ग्रुप नागिओस. ती ओळ आधी रीबूट न करता चालवून पाहिली, मालकी बरोबर आली. मग रीबूट. नागिओस स्वतःहून उठलं. खात्रीसाठी दुसऱ्यांदा रीबूट, तेव्हाही उठलं.

तेवढ्यात दिवसपाळीचा मुलगा म्हणाला, अलार्म "पाहिला" म्हणून नोंदवता येत नाही. पानावर "कुड नॉट ओपन कमांड फाइल". ही जातही तीच निघाली. ऑक्टोबरमध्ये सेटअप अडत होता म्हणून एसईलिनक्स (लिनक्सचा सुरक्षा पहारा) "सेटएन्फोर्स ०" देऊन तात्पुरतं ढिलं केलेलं होतं आणि ते रीबूटला परत कडक झालं. कायमचं बंद करायचा मोह होतो, बरेच जण तेच करतात. केलं नाही. नकार कुठे मिळतोय ते ऑडिट लॉगमध्ये पाहून कमांड फाइलच्या फोल्डरला योग्य लेबल कायमचं लावलं. अर्ध्या तासाचं काम होतं.

निघताना मॅनेजरकाकांना सांगितलं की आता रीबूटला अडचण नाही.

१० मे, शुक्रवार, आखाजी (अक्षय्य तृतीया)

सुट्टी. आईकडे. सांजोऱ्या, आमरस, दारातल्या लिंबाला झोका. गल्लीतल्या माहेरवाशिणी गौराईची गाणी म्हणत होत्या. दुपारी झोक्यावर बसल्या बसल्या डोक्यात आलं: बुधवारी मी रीबूट केलं, वीज तोडली नाही. रात्री घडलं ते वीज तुटणं होतं. उद्या प्लग ओढून बघायला हवं.

११ मे, शनिवार

दोन नंबर चेंबर आज रिकामा होता, म्हणून चाचणी त्याच्यावर. कॉम्प्रेसर बंद ठेवला, दार उघडं टाकलं, म्हणजे बाहेरच्या उन्हाने तापमान झटकन मर्यादेबाहेर जाईल आणि अलार्म वाजायला हवा. मग सर्व्हर, स्विच, राउटर आणि फायबरचा डबा या सगळ्यांचा प्लग एकदम ओढला. दहा मिनिटं बंद ठेवलं. परत लावला.

सर्व्हर उठला. नागिओस उठलं. दोन नंबर पानावर लाल झाला. फोनवर मेसेज आला नाही.

पाच मिनिटं, दहा मिनिटं वाट पाहिली. काही नाही. पानावर लाल, फोन गप्प. रात्री कुणी पान बघत बसत नाही, रात्री फोन वाजला पाहिजे.

नागिओसच्या लॉगमध्ये नोटिफिकेशन पाठवल्याची नोंद होती. मेसेज पाठवणाऱ्या स्क्रिप्टचं स्वतःचं लॉग उघडलं तर तिथे सर्टिफिकेट "नॉट येट व्हॅलिड". मेसेज गेटवेचं (मेसेज फोनवर पोचवणाऱ्या सेवेचं) सर्टिफिकेट, म्हणजे तिचं ओळखपत्र, मार्च २०२४ पासूनचं आहे. ते अजून लागू झालेलं नाही असं मशीन म्हणतंय, म्हणजे मशीनला आज कुठली तरी जुनी तारीख वाटतेय. त्या ओळीची तारीख पाहिली. ३१ ऑक्टोबर.

मंगळवारी पाहिलेल्या त्याच ओळी! "मेसेजेस" या लॉग फाइलमध्ये साल छापलं जात नाही, त्यामुळे मी त्या मागच्या ऑक्टोबरमधल्या इन्स्टॉलेशनच्या धरल्या. पण ही फाइल दर आठवड्याला बदलते. मे महिन्यात तिच्यात ऑक्टोबरची ओळ असायलाच नको, हे तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. पुन्हा प्लग ओढला, या वेळी मॉनिटर जोडून. लॉगिन होताच "डेट" कमांड: साल २०२२.

मशीन उघडलं. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल काढून मल्टिमीटर लावला. तीन व्होल्ट हवेत, १.१ होते. वीज असेपर्यंत मदरबोर्डचं घड्याळ विजेवर चालतं. वीज तुटली की या बटनसेलवर. तो मेला की घड्याळ सगळ्यात मागच्या तारखेवर जातं आणि सिस्टिमडी ते निदान स्वतःच्या आवृत्तीच्या काळापर्यंत पुढे ओढतं. बुधवारच्या रीबूटमध्ये वीज चालूच होती, म्हणून तेव्हा काही कळलं नाही.

क्रॉनी इंटरनेटवरून वेळ दुरुस्त करतं खरं, पण सर्व्हर सव्वा मिनिटात उठतो आणि फायबरचा डबा व राउटर मिळून इंटरनेट यायला तीन मिनिटं घेतात. मधल्या काळात नागिओस जुन्या सालात राहून तपासणी करतं, अलार्म देतं, स्क्रिप्ट मेसेज पाठवायला जाते आणि नकार घेऊन येते. नागिओस नोटिफिकेशनची कमांड एकदा चालवून मोकळं होतं, मेसेज पोचला की नाही हे पाहत नाही. पुढची आठवण आमच्या कॉन्फिगमध्ये १२० मिनिटांनी. म्हणजे मंगळवारी नागिओस व्यवस्थित उठलं असतं तरी पहिले दोन तास फोन वाजला नसता. हे कागदावर मांडलं तेव्हा अंगावर काटा आला. चार नंबरमध्ये किती शेतकऱ्यांचा माल होता ते मला माहीत आहे.

मॅनेजरकाकांना बुधवारचं माझं वाक्य परत घेतल्याचं सांगितलं. काम अपुरं आहे, तोवर आप्पांना दर तासाला वही भरायला सांगा म्हटलं. ते म्हणाले, "पोरी, कळलं हेच बरं झालं. शनिवारी दुपारी कळलं, रात्री दीडला नाही."

१३ मे, सोमवार

मतदान. केंद्रावर निम्मी माणसं. आप्पा मतदानाला अमळनेरला गेलेत. आज हात लावला नाही.

१४ मे, मंगळवार

सेल सावद्यातल्या घड्याळाच्या दुकानात मिळाला. दुकानदाराने डब्यातून काढून लगेच मीटरला लावून दाखवला, ३.२. बसवला, बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) तारीख-वेळ घातली. बायोसमध्येच वीज परत आल्यावर आपोआप सुरू व्हायची सेटिंग तपासली, ती आधीच चालू होती.

सेल पुढे कधीतरी पुन्हा मरणारच, तेव्हा त्याच्यावर विसंबून राहायचं नाही. सर्व्हिसच्या ओव्हरराइडमध्ये नागिओसला नेटवर्क-ऑनलाइन आणि टाइम-सिंक या दोन टार्गेटनंतर (मशीन उठतानाच्या टप्प्यांनंतर) सुरू व्हायला सांगितलं. आधी तिथे नुसतं "नेटवर्क" टार्गेट होतं. त्याचा अर्थ नेटवर्कची यंत्रणा सुरू झाली एवढाच, पत्ता मिळाला, बाहेर जाता येतं असा नाही. टाइम-सिंकला अर्थ यावा म्हणून "क्रॉनी-वेट" ही सर्व्हिस चालू करावी लागते. ती मुळात बंद असते आणि ती चालू केल्याशिवाय वरची ओळ लिहून काही होत नाही. घड्याळ जुळेपर्यंत ती थांबते, फार तर तीन मिनिटं. इंटरनेट आलंच नाही तर ती अपयशी ठरते, पण नागिओसला अडवत नाही, कारण मी फक्त क्रम सांगितलाय, अट घातलेली नाही. हा फरक मुद्दाम ठेवला. फायबर तुटलेली असताना मॉनिटरिंगच सुरू होऊ नये, असं व्हायला नको. निदान पान आणि केंद्रातला भोंगा चालला पाहिजे.

यात नागिओस तीन मिनिटं उशिरा सुरू होऊ शकतं. चालेल. भरलेली खोली तीन मिनिटांत बिघडत नाही.

मेसेजच्या स्क्रिप्टमध्ये बदल केला. पाठवताना नकार आला तर मेसेज एका फोल्डरमध्ये ठेवायचा आणि दर मिनिटाला क्रॉनने (ठरलेल्या वेळी काम चालवणाऱ्या प्रोग्रॅमने) पुन्हा प्रयत्न करायचा, पोचला की काढायचा. हा फोल्डर "/व्हार/स्पूल"मध्ये आहे, डिस्कवर. लिहिताना दोनदा पाहिलं.

प्लग ओढून तीन चाचण्या:

पहिली, सगळं जागेवर: मेसेज वीज आल्यावर सहाव्या मिनिटाला आला.

दुसरी, सेल मुद्दाम काढून: घड्याळ २०२२, क्रॉनी-वेट थांबलं, घड्याळ जुळलं, मग नागिओस सुरू. मेसेज सातव्या मिनिटाला.

तिसरी, फायबरची वायर काढून: नागिओस उठलं, भोंगा वाजला, मेसेज फोल्डरमध्ये पडून. वायर लावल्यावर मिनिटभरात फोनवर.

सेल परत बसवला. स्क्रू घट्ट केले.

१५ मे, बुधवार

अजून एक भोक उरलं होतं. उद्या नागिओस तिसऱ्याच कारणाने पडलं तर पान पुन्हा जुनाच हिरवा रंग दाखवत बसेल. म्हणून जळगावच्या ऑफिसातल्या मशीनवरून दर पाच मिनिटांनी सावद्याची स्टेटस फाइल किती जुनी आहे ते तपासायला लावलं. "चेक_नागिओस" हा प्लगिन नेमका याचसाठी आहे, फाइल पाच मिनिटांपेक्षा शिळी असली किंवा प्रोसेस सापडली नाही की ओरडतो. सावद्याला पोचताच आलं नाही तरी जळगाव मला मेसेज करेल. दोन्ही ठिकाणची लाइन वेगवेगळ्या कंपनीची आहे, तेही आज विचारून खात्री करून घेतली.

वेबपानावर "लास्ट चेक"चा रकाना ठळक केला. रात्रपाळीसाठी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून स्क्रीनच्या बाजूला चिकटवलं: रंगाआधी ही वेळ बघा, दहा मिनिटांहून जुनी असेल तर फोन करा.

मॅनेजरकाका म्हणाले की आता वही बंद करायला हरकत नाही, आप्पांची दगदग वाचेल. मी नको म्हटलं. दारावरचा डिस्प्ले वेगळ्या सेन्सरवर चालतो, नागिओसच्या सेन्सरशी त्याचा संबंध नाही. दोन आकडे स्वतंत्रपणे येतात म्हणूनच ७ मेच्या रात्री फरक दिसला. वही दर दोन तासांवर आणली, बंद केली नाही. आप्पांना विचारलं तर म्हणाले, "मी तं लिखसूच, ताई."

१६ मे, गुरुवार

यूपीएस. बॅटरीवर टाकून पाहिलं, ४० मिनिटांऐवजी जेमतेम तीन मिनिटं. बॅटऱ्या ज्या कपाटात ठेवल्यात त्याची मागची भिंत पश्चिमेची आहे, दुपारी हात लावून पाहिला तर भिंत तव्यासारखी. लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य दर दहा अंशांमागे साधारण निम्मं होतं, असा ठोकताळा आहे. मे महिन्यातलं खान्देशी ऊन आणि पत्र्याचं कपाट, यात त्या टिकणं कठीणच होतं. नवीन बॅटऱ्या मागवल्या. यूपीएस आतल्या बाजूला, चेंबरच्या पॅसेजमध्ये हलवायचं ठरलं, तिथे गारवा असतो.

२१ मे, मंगळवार

रात्री साडेतीनच्या सुमारास वावधन (वादळी वारा) सुटलं. सावद्याला वीज गेली. ३.५२ ला जळगावच्या मशीनचा मेसेज: सावदा पोचत नाही. ४.०१ ला दुसरा: सावदा परत आलं, स्टेटस फाइल ताजी. ४.०३ ला सावद्याचा: चेंबर चार, तापमान १८.४, मर्यादेबाहेर.

फोन उचलून आप्पांना लावला. ते आधीच चार नंबरच्या पॅनलपाशी होते, कॉन्टॅक्टर पुन्हा तसाच. तो बदलायला इलेक्ट्रिशियनला मागच्याच आठवड्यात सांगितलंय, आज पुन्हा सांगणार. त्यांनी बसवला. ४.३० ला पानावर १७.६, "लास्ट चेक" ४.२९. आप्पांनी दारावरचा आकडा वाचला, १७.५.

यूपीएसच्या बॅटऱ्या गुरुवारी येतायत. त्या बसल्या की प्लग ओढून आणखी एक चाचणी, या वेळी रात्री, आप्पांच्या पाळीत.